घमेल्यातलं लाल पाणी

"आधी पाय धू तिचा. मग ने."

शेठ कारखान्याच्या दारात आडवे उभे होते. आबांच्या हातांवर मी, नऊ वर्षांची. उजव्या नडगीचं हाड कातडीबाहेर. बाहेर रिक्षावाला ओरडत होता, सीक्रम, सीक्रम. लवकर चला. शेठना कसली आलीय घाई!

आमचं काम गलाईचं. सोनारांच्या दुकानांतली धूळ-राख आणायची, भट्टीत घालून तिच्यातलं सोनं काढायचं. आमच्या तालुक्यातली माणसं याच कामासाठी देशभर पांगलीत. आम्ही चेन्नईत, साहुकारपेठेत. कारखाना शेठचा, आबा नुसते कामगार. शेठ आमच्याच गावचे, म्हणून आई म्हणायची, मामा म्हण त्यांना. मामा म्हणे! कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या कामगाराने दारातल्या घमेल्यात हातपाय धुवायचे, हा या मामाचा नियम. तळव्याला चिकटून सोन्याचा कणही बाहेर जाता कामा नये.

आम्हा पोरींचा खेळ एकच. या गच्चीवरून त्या गच्चीवर उडी. मध्ये दोन-अडीच हातांची फट, खाली कारखान्याचा पत्रा. त्या दिवशी शेठची मुलगी पिंकी पुढे, मी मागे. ती गेली. माझा पाय शेवाळावरून सटकला. पत्रा फोडून मी थेट राखेच्या ढिगात. राख होती म्हणून वाचले. अन् राख लागली म्हणून पाय धुवायचा.

आबा म्हणाले, "बरं, शेठ." खाली बसले, मला मांडीवर घेतलं आणि तो पाय घमेल्यात धरला. मी किती किंचाळले ते मला आठवत नाही, गल्लीला आठवतं. पाणी लालभडक झालं. ते कुणी ओतून दिलं नाही. संध्याकाळी फडक्यातून गाळून घेतलं, आईने डोळ्यांनी पाहिलं. पिंकीही मला बघायला त्याच राखेतून आली, गेली. तिचे पाय कुणी धुतले नाहीत.

प्लास्टर निघालं तेव्हा पाय वाकडा जुळलेला. एके दिवशी कारखान्यात आबांना डबा देऊन मी लंगडत निघाले, तर शेठनी हनुवटीनेच घमेलं दाखवलं.

"नाही धुणार," मी म्हणाले. "रक्त घेतलंत ना? तेवढं पुरे."

आबांनी सगळ्यांसमोर माझ्या थोबाडीत मारली. मग स्वतःच वाकून माझा पाय घमेल्यात धरायला आले. मी पाय मागे घेतला आणि तशीच, राखेच्या पायांनी, रस्त्यावर आले.

त्याच संध्याकाळी शेठनी दिलेली खोली रिकामी करायला लागली. फुटपाथवर भांडी, गोधड्या आणि आम्ही तिघं. आबांनी विचारलं, "काय मिळालं तुला?" पुढे कितीतरी वर्षं आपणच घर बुडवलं, असंच वाटायचं. जीव द्यावासा वाटायचा.

आज सांगते, आबा. काही मिळालं नाही. तुमचं काम गेलं, माझी शाळा गेली, आई खंगत गेली. तरी पुन्हा ती वेळ आली तर मी हेच करीन. आणि या वेळी तुम्ही हात उगारलात, तर तुमचाही हात धरीन.