घरच्यांचं वागणं, गुण वीस

आमच्या ओळखीतले लोक ही गोष्ट हसत सांगतात. 'शंतनूच्या आई आणि त्यांची भुतं' म्हणे! पार्टीत कुणीतरी विषय काढतं आणि शंतनू, म्हणजे माझा नवरा, पुढचं रंगवून रंगवून सांगतो. म्हणून एकदा मी सांगते. आणि मी हसून सांगणार नाहीये, आधीच सांगून ठेवते.

माझ्या सासूबाई, सुलभा तांबट. कराडच्या एका शाळेत एकतीस वर्षं इतिहास-भूगोल शिकवला. तिथली टक्कल पडलेली माणसंसुद्धा तांबटबाई समोरून आल्या की अजून सिगारेट पाठीमागे लपवतात. बोर्डाचे दहावीचे पेपर तपासले, पुढे मॉडरेटर झाल्या, म्हणजे दुसऱ्यांनी तपासलेले पेपर पुन्हा तपासणाऱ्या. एका वर्षी नववीच्या वार्षिक परीक्षेत मुख्याध्यापकांच्या भाच्याला तेहेतीस पडले. पस्तीसला पास. मुख्याध्यापक स्वतः घरी आले, पोहे खाल्ले, चहा घेतला आणि म्हणाले, "बाई, दोन मार्कांचं तेवढं बघा." आई म्हणाल्या, "बघितलं सर. तेहेतीसच आहेत." तो मुलगा नववीत पुन्हा बसला.

तीन वर्षांपूर्वी सासरे गेले. कराडचा फ्लॅट विकला आणि आई कायमच्या आमच्याकडे अमेरिकेत, शॉमबर्गला आल्या. वर तीन खोल्या, एक आमची, एक मुलीची, एक शंतनूचं ऑफिस. म्हणून आईंना बेसमेंट. "आईला अख्खं बेसमेंट दिलंय, सेपरेट बाथरूम, पंच्याहत्तर इंची टीव्ही," असं शंतनू सगळ्यांना सांगतो. खिडकी हातभर आणि तीही छताला टेकलेली, हे नाही सांगत. भिंतीपलीकडे फर्नेस, म्हणजे घरभर गरम हवा सोडणारी गॅसची भट्टी, हेही नाही.

सिनेमांचं खूळ आमच्या मुलीचं, स्वानंदीचं. वय वर्षं चौदा. ऑक्टोबरचे एकतीस दिवस, एकतीस हॉरर सिनेमे, आणि हॅलोवीनला निकाल. ती आणि तिच्या मैत्रिणी सिनेमांना तारे द्यायच्या. आई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "तारे कसले? बालवाडीतल्या पोरांच्या हातावर काढतात ते? मार्क दे." आणि दोनशे पानी वही काढून पट्टीने रकाने आखायला बसल्या. भीती, गुण तीस. भुताचं काम, वीस. पार्श्वसंगीत, दहा. शेवट, वीस. आणि शेवटचा रकाना, घरच्यांचं वागणं, वीस. एकूण शंभर.

शाळा असली की स्वानंदीला वेळ नसायचा, मग आई एकट्याच दुपारी तीनला चहाचा कप घेऊन भुतं तपासायला बसायच्या. हो, तपासायलाच. हातात हिरवं पेन. शेरे वाचून मी लोळायचे. 'भूत फार उशिरा आले. वेळेचे नियोजन नाही.' 'कपाटातून मांजर निघाली. कॉपी.' 'शेवट उरकला आहे. पुरवणी घ्यायला हवी होती.'

शेवटच्या रकान्यात मात्र बहुतेक सगळे सिनेमे गचकायचे. कारण प्रत्येक सिनेमात एक बाई सांगत असते की या घरात काहीतरी आहे, आणि नवरा म्हणतो, वारा असेल. आई टीव्हीवर ओरडायच्या, "अरे मेल्या, ती सांगतेय ना! एकदा जाऊन बघायला काय होतं तुला?" मग वहीत भलं मोठं शून्य. एका शून्यापुढे लिहिलं होतं, 'नवरा इंजिनिअर दिसतो.' ते वाचून आमचा इंजिनिअर शंतनूसुद्धा हसला होता.

त्या वर्षी थंडी लवकर आली. ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात हीटिंग लावलं. आठ तारखेला सकाळी आई वर आल्या आणि म्हणाल्या, "शंतनू, खालचा अलार्म वाजतोय."

आता इथल्या मराठी घरात अलार्म म्हणजे काय ते सांगायला हवं. तो आगीसाठी नसतो. तो फोडणीसाठी असतो. मिरची तेलात पडली रे पडली की ठणाणा सुरू, मग एकाने टॉवेल घेऊन खाली उभं राहायचं आणि वारा घालायचा. आम्ही दोन वर्षं टॉवेल फिरवला, मग किचनमधला आणि पॅसेजमधला, दोन्ही काढून ड्रॉवरमध्ये टाकले. आमच्या ओळखीतल्या निम्म्या घरांत हेच. त्यामुळे लॅपटॉपमधून मान वर न करता शंतनू म्हणाला, "रेणूने फोडणी केली असेल." रेणू म्हणजे मी.

"फोडणी नाही. वरचा वाजायचा तो तीनदा वाजून थांबायचा. हा चारदा वाजतो, थांबतो, परत चारदा. मी मोजलंय."

"मग बॅटरी गेली असेल, आई."

खाली गेला, भिंतीवरून अलार्म उपटला, बॅटरी काढली, ड्रॉवरमध्ये टाकला, हात झटकले. दोन मिनिटांचं काम. मी तिथेच होते. उपम्याचा रवा भाजत होते. मी एका शब्दाने काही बोलले नाही. उलट मनात म्हटलं, बरं झालं, गेली एकदाची कटकट. हे मी शंतनूवर ढकलणार नाही, हे माझं आहे.

मग आईंचं डोकं दुखायला लागलं. मळमळ. चालताना भिंतीला हात. त्यांनी काय मोघम सांगितलं का? तांबटबाई त्या! म्हणाल्या, "खाली असले की डोकं धरतं. वर येऊन तासभर बसले की उतरतं. रोज. तारखा लिहून ठेवल्यात." यापेक्षा स्वच्छ उत्तर कुठल्या विद्यार्थ्याने कधी लिहिलं असेल? शंतनू म्हणाला, "दिवसभर भुतं बघितल्यावर आणखी काय होणार?"

कोजागिरीला चार घरं आमच्याकडे मसाला दूध प्यायला आली. शंतनूने सगळ्यांसमोर सांगितलं, "आमच्या आईला हल्ली बेसमेंटमध्ये कोणीतरी जाणवतं, बरं का!" लोक हसले. प्रीता म्हणून माझी मैत्रीण आहे, ती म्हणाली, "काकू, आमच्याकडे या, आमच्याकडे नुसते उंदीर आहेत." परत हसले. मीही हसले. आई पेला हातात धरून बसल्या होत्या. त्यांनी दूध संपवलं, पेला सिंकमध्ये ठेवला आणि खाली गेल्या.

अठरा तारखेला शंतनूने टीव्हीला पिन टाकला, म्हणजे नंबर घातल्याशिवाय तो चालूच होईना. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईच्या टीव्हीला, लहान पोराच्या टीव्हीला टाकावा तसा! "थोडे दिवस ब्रेक घे, आई. तुझ्या भल्यासाठीच सांगतोय."

"सतरा पेपर झालेत. चौदा राहिलेत," आई म्हणाल्या. पण वाद घातला नाही.

चार दिवसांनी जेवताना त्यांनी पुन्हा विषय काढला. "शंतनू, सिनेमे बंद करून चार दिवस झाले. डोकं तसंच दुखतंय. म्हणजे कारण सिनेमा नाही. दुसरं काहीतरी आहे. ते शोधायला हवं."

"मनाचे खेळ असतात गं हे. परिणाम राहतो थोडे दिवस."

हे वाक्य आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. हा माणूस ऑफिसात एका बटणाचा रंग बदलला तरी लॉग तपासतो. कस्टमर म्हणाला की सिस्टिम स्लो आहे, तर रविवारी उठून बसतो. कस्टमरला कधी म्हणालाय का, तुमच्या मनाचे खेळ आहेत? आई आयता पुरावा हातात देत होत्या, तारखांसकट, आणि हा पोळी वाढ म्हणत होता. मी म्हटलं, "डॉक्टरकडे नेऊया का?" तो म्हणाला, "पुढच्या आठवड्यात, ऑफिसचं रिलीज होऊ दे." मी पोळी वाढली.

सव्वीस तारीख, शनिवार. शंतनू स्वानंदीला बँड प्रॅक्टिसला घेऊन गेला होता. दहा वाजले तरी आई चहाला वर आल्या नव्हत्या. मला वाटलं, रुसल्यात. कपडे धुवायचं मशीन खालीच असतं, म्हणून मी खाली गेले, आणि त्यांच्या बंद दाराबाहेर बसून अर्धा तास घड्या घालत राहिले. माझंही डोकं ठणकायला लागलं. मनात म्हटलं, दुसरा चहा झाला नाही ना, म्हणून. उठले तर खोली फिरली. तेव्हा, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. वर आले की उतरतं. रोज.

दार ढकललं. आई खुर्चीत होत्या, मान एका बाजूला, साडीवर उलटी, मांडीवर वही. मी हाक मारली. डोळे अर्धे उघडले आणि म्हणाल्या, "चारदा." बास, एवढंच. मी त्यांना काखेत धरून तेरा पायऱ्या कसं चढवलं ते मला आठवत नाही. बाहेर लॉनवर आडवं केलं आणि नाइन वन वन लावला.

फायरवाले आले. एकजण हातात मीटर घेऊन खाली गेला आणि धावतच वर आला. फर्नेसचा धूर बाहेर नेणारा पाइप सुटला होता, आणि तीन आठवडे कार्बन मोनॉक्साइड आईंच्या खोलीत भरत होता. वास नाही, रंग नाही. शेजाऱ्यांनी हॅलोवीनसाठी मांडलेल्या प्लॅस्टिकच्या सांगाड्यांच्या बाजूला आईंच्या तोंडावर ऑक्सिजन लावला जात होता, आणि त्या माणसाने मला विचारलं, "घरात अलार्म नव्हता का?"

"होते ना," मी म्हटलं. "तीन. ड्रॉवरमध्ये."

त्याने बेसमेंटमधला हातात घेतला, उलटा केला आणि मागे छापलेलं मला वाचून दाखवलं. तीनदा वाजला तर आग. चारदा वाजला तर कार्बन मोनॉक्साइड. तो एक अक्षर वाईट बोलला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आई दोन दिवस हॉस्पिटलमध्ये होत्या. डॉक्टर म्हणाली, आणखी तासभर गेला असता तर कठीण होतं. शंतनू कॉरिडॉरमध्ये ढसाढसा रडला, ते मी नाकारत नाही. घरी येऊन त्याने फर्नेस बदलून घेतला, सहा अलार्म लावले, आईंच्या पलंगावर नवी चादर घातली. पलंग तिथेच, खाली. "आता खालीच सगळ्यात सेफ आहे," म्हणाला. आणि एकतीस तारखेपर्यंत त्याची गोष्टसुद्धा तयार झाली होती. फोनवर मित्राला सांगताना मी ऐकलं, "अरे, आई म्हणत होती ते भूत खरंच निघालं, यार!" पाच दिवस. पाच दिवसांत या माणसाने त्याचा किस्सा केला!

हॅलोवीनच्या संध्याकाळी त्याने स्वतःच पिन काढला आणि म्हणाला, "आई, आज निकाल ना? मग आपल्या घरालाही मार्क देऊन टाक."

स्वानंदी सोफ्यावरून म्हणाली, "गिव्ह हिम झीरो, आजी. गिव्ह देम बोथ झीरो."

आईंनी वही उघडली. पान आधीच भरलेलं होतं. अठरावा पेपर, आमचे घर, शॉमबर्ग. भीती, तीसपैकी पंचवीस. भुताचं काम, वीसपैकी वीस, 'शेवटपर्यंत दिसले नाही.' पार्श्वसंगीत, दहापैकी दहा, 'चार ठोके, स्पष्ट.' शेवट, वीसपैकी बारा, 'सुनेने ओढून काढले, परंतु उशिरा.' घरच्यांचं वागणं, वीसपैकी सात.

"सात!" शंतनूने टाळी वाजवली. "रेणू, सात म्हणजे बरोबर पस्तीस टक्के. पास झालो आपण!"

मला त्याच्याकडे बघवेना. तो आणि स्वानंदी दारावर आलेल्या मुलांना चॉकलेटं द्यायला गेले, तशी मी वही उचलली आणि आईंच्या मागे खाली गेले. मी भांडायच्याच तयारीत होते.

"आई, तेहेतीसचे पस्तीस न करणाऱ्या बाई तुम्ही. हे सात कुठून आणलेत? आमची लायकी आहे का सातची? मला फेरतपासणी हवीय."

त्यांनी वही माझ्याकडून घेतली. सातच्या खाली खोडलेलं दिसत होतं.

"शून्यच दिलं होतं," त्या म्हणाल्या. "दोन दिवस तसंच होतं. मग खोडलं."

"का पण?"

"सिनेमातल्या घराला शून्य देते, टीव्ही बंद करते, माझं काम संपतं." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "ह्या घराला शून्य दिलं, तर मी राहायचं कुठे, रेणू? कराडचं घर विकलंय."

या वेळी मी पोळी वाढायला गेले नाही. वर गेले, शंतनूच्या ऑफिसमधल्या दोन्ही मॉनिटरच्या वायरी उपटल्या, आणि पोरांची वर्दळ संपायच्या आत त्याचं टेबल, खुर्ची, प्रिंटर, सगळं एकटीने बेसमेंटमध्ये नेलं. तो जिन्यात उभा राहून "अगं, काय हे, माझे कॉल्स असतात, खाली अंधार असतो" म्हणत होता. मी म्हटलं, "मनाचे खेळ असतात."

आईंचा पलंग आता वर आहे, पूर्वेच्या मोठ्या खिडकीशी. वहीतले सात तसेच आहेत, ते त्या बदलत नाहीत. शंतनू खाली बसून काम करतो. पार्टीत गोष्ट सांगताना तो 'पास झालो' म्हणतो आणि तिथेच थांबतो.