घरातून गेलेली हिरवळ

आमच्या मोठ्या मावशीनं आयुष्यभर बस चालवली. इंजिनाच्या वरताण बोलायची तिला इतकी सवय, की तिनं घरात मीठ मागितलं तर शेजारचे आणून द्यायचे. तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, घड्याळं दुरुस्त करायचे. दिवसभर डोळ्याला भिंग लावून मोहरीएवढ्या चाकांशी झटापट करायची, आणि बोलायचं त्याहून बारीक. दोघांचं कसं जमलं देव जाणे, पण झकास जमलं होतं.

मावशीच्या बसच्या शेवटच्या थांब्याला लागून एक टेनिस क्लब होता. मधे उंच, दाट झुडपांचं कुंपण. खेळणारे तिला कधी दिसले नाहीत. दिसायचा फक्त अधूनमधून कुंपणावर उडणारा चेंडू, आणि ऐकू यायचं टॉक-टॉक. एवढ्यावर ती सामने बघायची. कोण जिंकलं तेही तीच ठरवायची.

निवृत्त झाली त्याच आठवड्यात तिनं चहा पिता पिता जाहीर केलं, "अहो, मागच्या अंगणात टेनिस कोर्ट करायचं. कृत्रिम हिरवळीचं."

काकांचं भिंग चहात पडलं. "अगं, तू कधी रॅकेट तरी धरलीयेस का?"

"स्टिअरिंग धरलंय ना? रॅकेट त्यापेक्षा हलकीच असेल!"

हिरवळवाला आला, टेप लावून अंगण मोजून गेला आणि मान हलवत म्हणाला, "बाई, इथं पूर्ण कोर्ट बसायचं नाही. लहान मुलांचं बसेल."

"मग लहान मुलांचं करा," मावशी म्हणाली. "मी कुठं म्हातारी झालेय?"

झालं! अंगण खणलं, माती उपसली, खडी पडली, वर बारीक चुरी आली. ती दाबायला छोटा रोलर आला तशी मावशीनं पदर खोचला आणि हिरवळवाल्याला सरळ बाजूला केलं. "उतरा. हे माझं काम." आणि ती अशी काही रोलर चालवायला लागली, की आम्ही भाचरं खिडकीत उभं राहून टाळ्या पिटत होतो. प्रत्येक फेरीला कोपऱ्यावर ती ओरडायची, "पुढे सरका! आत जागा आहे!" काका एकटेच उभे होते, तरी सरकले.

घोडं अडलं हिरवळ आल्यावर. गुंडाळी माणसाच्या दुप्पट लांब आणि हत्तीच्या पायाएवढी जाड. घराशेजारच्या बोळातून न्यायला गेलो तर वळणावर पाण्याची टाकी आडवी.

"घरातून नेऊ," मावशी म्हणाली.

पुढचं दार, हॉल, बोळकांडी, स्वयंपाकघर, मागचं दार. कागदावर सोपं होतं. तेवढ्यात शेजारचे दातांचे डॉक्टर धुळीची तक्रार घेऊन दारात उभे राहिले. मावशीनं त्यांना बोलूच दिलं नाही. "बरे आलात डॉक्टर! धरा हे टोक."

डॉक्टरांनी धरलं. हिरवळवाला आणि मी मधे, काका स्वयंपाकघराकडच्या टोकाला, आणि मावशी पुढ्यात उलटी चालत, हातवारे करत. "येऊ द्या... येऊ द्या... थोडं डावीकडे... बास! बास म्हटलं ना!"

तोवर व्हायचं ते झालं होतं. गुंडाळी बोळकांडीत शिरली, पण स्वयंपाकघराच्या वळणावर ती पुढेही जाईना आणि मागेही येईना. आम्ही जरा टेकलो. डॉक्टर हात धुवायला न्हाणीघरात गेले. मावशी म्हणाली, "एक जोर लावू," आणि आम्ही लावला. गुंडाळी वीतभर सरकली आणि न्हाणीघराच्या दारावर घट्ट बसली.

आतून आवाज आला, "ताई, दार उघडत नाहीये. माझे पेशंट तोंड उघडून बसलेत हो!"

"त्यांना म्हणावं, मिटा!" मावशी ओरडली. ते बहुधा दवाखान्यातही ऐकू गेलं असावं.

मला हसू आवरेना. हिरवळवाला भिंतीला टेकून खाली बसला. आणि स्वयंपाकघराच्या बाजूनं एक विचित्र, किल्ली दिल्यासारखा आवाज यायला लागला. काका हसत होते. मी त्यांना आवाज करून हसताना पहिल्यांदाच ऐकलं. मग मावशीही अशी सुटली, की हसून हसून तिची मुरकुंडी वळली.

शेवटी तोड काकांनीच काढली. "मागे ओढा आणि हॉलमध्ये उलगडा. मग लांब घडी घालून नेऊ."

सगळ्यांनी मिळून हिसका देत गुंडाळी मागे ओढली, डॉक्टर सुटले. खुर्च्या बाहेर काढून हॉलमध्ये गुंडाळीला बांधलेले पट्टे कापले, तशी हिरवळ धाडकन उलगडली. जागा पुरेना म्हणून थरावर थर पडले आणि सगळा हॉल गादीसारखा मऊ, गच्च हिरवा झाला. डॉक्टरांनी बूट काढले. घड्याळाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "चेंडू आहे का?"

मावशीनं नवी रॅकेट आणली, डॉक्टरांनी चहाचा ट्रे घेतला. पहिला फटका पंख्याला, दुसरा दिव्याला, तिसरा थेट हिरवळवाल्याच्या पोटात. "गुण माझा!" मावशी ओरडली. कुठल्या नियमानं, ते कुणी विचारलं नाही.

डॉक्टरांना शोधायला आलेल्या नर्सनं खिडकीतून हे पाहिलं आणि पेशंटांनाही बोलावून आणलं. त्यातल्या दोघांनी मग घडी ओढायला हात लावला. हिरवळ मागच्या दारातून अजगरासारखी सरपटत बाहेर गेली. घड्यांच्या रेघा उन्हात मोडल्या, सांधे चिकटवले, वर वाळू पसरून ब्रशनं झाडली, पांढऱ्या रेघा आल्या, जाळी लागली.

पहिल्या सामन्यात मावशीनं चेंडू असे काही हाणले, की ते डॉक्टरांच्या गच्चीवरून गोळा करावे लागले. काका मात्र जागचे हलत नव्हते. मनगट किंचित फिरवायचे आणि चेंडू जाळीला चाटून पलीकडे टपकन मरायचा. मावशी धावत येऊन पोहोचेपर्यंत खेळ खलास.

"अहो, हे खेळणं आहे की चिमटा काढणं?" ती धापा टाकत म्हणाली.

"नियमात बसतं," काका बारीक आवाजात म्हणाले.

ती सपाटून हरली. पाठीवर आडवी पडली, तोंडभर घाम, अंगभर वाळू. "पुन्हा!" म्हणाली, आणि उठायच्या आधीच पडल्या पडल्या सर्व्हिस केली.