पाण्यातला पावागड

आमच्या मंडळींकडे फोटो कमी आणि किस्से जास्त साठले आहेत. हल्लीच्या दिवसांत फिल्मचा कॅमेरा घेऊन तळी आणि डोंगर ब्लॅक अँड व्हाइटमध्ये टिपत हिंडायचं म्हटल्यावर दुसरं काय होणार! मंडळी म्हणजे रिफायनरीतून रिटायर झालेले बापटकाका, मांजलपूरचा सुनील आणि मी. बापटकाकू आमच्यात नाहीत, असं त्या स्वतःच सगळ्यांना सांगतात.

*

आमची डार्करूम म्हणजे काकांच्या सुभानपुऱ्यातल्या फ्लॅटचं बाथरूम. रविवारी आत लाल दिवा लागला की घरात कुणाची आंघोळ नाही. एकदा काकूंचे भाऊ पुण्याहून आले आणि टॉवेल खांद्यावर टाकून दुपारपर्यंत बसून राहिले. काकू त्यांना म्हणाल्या, "दादा, आत डोंगर धुताहेत. ते झाले की तुझा नंबर."

*

सुनीलचा रोल छत्तीस फोटोंचा. आजव्याच्या तलावावर त्याचे अडतीस झाले, चाळीस झाले, तरी रोल संपेना! हाताला बरकत आहे म्हणत स्वारी खूश. वाटेत आम्हाला सेव-उसळ खाऊ घातली. घरी कॅमेरा उघडला तर फिल्म आत अडकलीच नव्हती, पहिल्यापासून जागची हललेलीच नाही. सेव-उसळ मात्र झकास होती.

*

चांपानेरला वडा तलावाकाठी एक चहावाला आहे. काकांनी त्याला त्याच्याच तलावाचा प्रिंट भेट दिला. काळं पाणी, वर रुपेरी ढग. त्याने तो बराच वेळ पाहिला आणि काकांच्या खांद्यावर हात ठेवून हळूच सांगितलं, "काका, हवे तो मोबाइलमां पण कलर आवे छे." आता मोबाइलमध्येही रंग येतात, या बातमीबद्दल काकांनी त्याचे मनापासून आभार मानले.

*

काकांना हवा होता एकच फोटो. धुक्यातून वर येणारा पावागड आणि खाली वडा तलावात उलटा पावागड. त्यासाठी किती हिवाळे गेले! कधी धुकं नसे, कधी वारा पाणी मोडून टाकी.

मागच्या हिवाळ्यात त्यांच्या डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन ठरलं. लांबचं दिसेनासं झालंच होतं, आणि नजर परत येईल असा शब्द डॉक्टर देत नव्हते. त्याआधीच्या रविवारी आम्ही पहाटेच तलाव गाठला. काकू पहिल्यांदाच सोबत आल्या. सुनीलने कॅमेरा स्टँडवर लावून सगळं जुळवून दिलं. काका बटणावर बोट ठेवून उभे राहिले. डोंगर दिसला की काकूंनी "आता" म्हणायचं, बाकी कुणी तोंड उघडायचं नाही, असं ठरलं.

धुकं सरकलं. डोंगर आधी पाण्यात उमटला, मग वर. पाणी इतकं निवांत की दोहोंतला खरा कुठला ते कळेना. मी आणि सुनील भान हरपून बघत राहिलो. मग धुकं परत उतरलं आणि सगळं पांढरं झालं.

"आला का गं?" काकांनी विचारलं.

"येऊन गेला."

"मग सांगितलं नाहीस?"

"बघत होते," काकू म्हणाल्या.

काकांनी बटणावरचं बोट काढलं आणि ते चाचपडत काकूंच्या शेजारी येऊन बसले.

"बरं केलंस," ते म्हणाले. "आता सांग, कसा होता?"