हलदीला मयताचा कॅमेरा

तुळशीरामचा मोठा कॅमेरा त्याच्या बायकोनं, चंदानं, बादलीत बुडवला, हे आता घणसोली गावात पोराटोरांनाही ठाऊक आहे. पण पाण्याखाली तो बघितला आम्ही दोघांनीच. चंदानं आणि मी, भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या शेजाऱ्यानं. हिरवी बादली, वर कडुलिंबाचा पाला, पाल्याखाली साबणाचा फेस, आणि त्या फेसातून एकेक बुडबुडा वर येऊन फुटत होता. खाडीतल्या खेकड्याच्या, चिंबोरीच्या बिळातून येतो तसा. मला वाटलं, चिंबोऱ्याच टाकल्यात. वाकून बघितलं तर तळाशी कॅमेऱ्याचा पट्टा हलताना दिसला.

आधी माणूस सांगतो. कागदावर तो तुळशीराम. पण आमच्या बोलीत ण नाही नि ळ नाही, ही दोन अक्षरं आम्ही शाळेच्या पायरीवर काढून ठेवतो नि मग घरी येतो. म्हणून गावाला तो तुलशीराम. आजा खाडीत, बाप मिठागरावर, हा फोटोवाला झाला. वय पंचेचाळीस, अंग काटक, बोलणं मोजकं. चिखलात चालावं तर त्यानंच. जिथं दुसरा माणूस चार पावलांत मांडीपर्यंत रुततो, तिथून हा चप्पल हातात घेऊन पलीकडं जातो नि वर मागं वळून बघतो, बाकीचे का थांबले म्हणून.

ह्या चालीमुळंच त्याला दुसरा धंदा लागला. खाडीत कुणी बुडालं, कांदळवनात मयत अडकलं, की पंचनाम्याला फोटो लागतात. रस्त्यावरच्या अपघाताचे फोटो हवालदार आपल्या मोबाईलवर काढून मोकळे होतात. चिखलात मोबाईल घेऊन उतरायला मात्र कुणी राजी नसतं. मग तुलशीरामला फोन.

दोन धंदे, म्हणून दोन कॅमेरे. मोठा त्यानं मोटरसायकल विकून घेतला होता. मिररलेस म्हणतात तसला. नावाचा अर्थ ऐकल्यावर चंदा म्हणाली होती, "येवढा महाग नि त्यात आरसा पन नाय?" त्या कॅमेऱ्याचे लाड सुनेचे होत नाहीत असे होते. झोपायला फोमची खाच, शेजारी ओल शोषणाऱ्या पुड्या. भिंग बदलायचं तर आधी पंखा बंद, आणि तेवढा वेळ चंदानं कढईत काही तळायचं नाही. पण काम तसंच करायचा. नवरी मान कुठंही वळवो, हा तिच्या डोळ्यावरची नजर सोडायचा नाही. मांडवातले दिवे गेले तर समईच्या उजेडात पापणी न् पापणी वेगळी दाखवायचा.

बारका म्हणजे साबणाची वडी. रंग नारिंगी, मनगटात अडकवायला लाल दोरी. खाडीतल्या माशांचा अभ्यास करायला आलेला एक माणूस जाताना तुलशीरामला देऊन गेलेला. पन्नास फूट पाण्याखाली चालतो असं त्या माणसानं सांगितलं होतं, ते कुणी मोजलं नाही. पण एकदा तो जेट्टीवरून पडला, भरतीच्या पाण्यानं गिळला, आणि सहा तासांनी ओहोटीला तुलशीरामनं चिखलातून कंदासारखा उपटला. नळाखाली धरला, बटण दाबलं, चालू. फोटो मात्र यथातथाच. ऊन असेल तर बरे. दिवस कलला की चित्रावर रेती शिंपडल्यासारखे दाणे, आणि फ्लॅश मारावा तर जिता माणूसही पांढराफटक. तुलशीराम म्हणायचा, "याचा गिऱ्हाईक तक्रार करत नाय."

मोठा मांडवाला, बारका मयताला. उलट कधी झालं नाही. गावानं हे इतकं धरून ठेवलं होतं की तुलशीरामच्या हातात नारिंगी दिसलं की बायका डोक्यावरची टोपली उतरवून विचारायच्या, "कोन गेला?"

आणि घरचा नियम. मयताहून आला की पिशवी बाहेरच्या खिळ्याला अडकवायची, चंदाला हाक मारून पाणी काढायला सांगायचं आणि मागच्या दारानं थेट न्हाणीत जायचं. इकडं चंदा बादलीत पाला टाकून त्याचे कपडे आणि कॅमेरा, दोन्ही बुडवून काढायची. चार वर्षं हे चाललं होतं. बारक्याचं त्यात काही बिघडलं नाही. उलट असा लख्ख व्हायचा की लाल दोरीला कडुलिंबाचा वास यायचा.

तो शनिवार अर्पिताच्या हळदीचा. अर्पिता ही उज्वलाची पोर, घर आमच्या मागच्या आळीत. उज्वला नि चंदा मासळीबाजारात वीस वर्षं शेजारी बसलेल्या, त्यामुळं फोटो तुलशीरामच काढणार हे न बोलता ठरलेलं. तुलशीरामला ही हळद नीट होणं फार गरजेचं होतं. त्या वर्षी गावातल्या निम्म्या हळदी ड्रोन उडवणाऱ्या बाहेरच्या पोरांनी नेल्या होत्या. ही हातची गेली असती तर पुढं त्याला गावच्या मांडवात कुणी फक्त जेवायला बोलावलं असतं.

सकाळी सातला पोलीस ठाण्याचा फोन आला. अनोळखी मयत, खाडीच्या कडेला. बारका हातात घेतला तर बॅटरी उतरलेली. पण मयत आधीच वर काढून कोरड्या बांधावर ठेवलंय असं कळलं, म्हणून त्यानं मोठाच खांद्याला लावला. वीस फुटांवर उभं राहून लांबच्या भिंगातून चार फोटो घेतले. पाय चिखलात गेला नाही, कॅमेऱ्यावर शिंतोडा उडाला नाही. घरी आला, पिशवी खिळ्याला अडकवली आणि रोजच्यासारखं बोलून गेला, "मयताला जाऊन आलू. पानी काढ."

ह्या पाच शब्दांनी घात केला.

तो न्हाणीतून टॉवेल गुंडाळून आला तेव्हा चंदानं कॅमेरा बाहेर काढून जुन्या दात घासायच्या ब्रशनं बटणं घासायला घेतली होती. भिंगासकट. मी कुंपणाशी उभा. मग तिनं तो सुपात उपडा ठेवला, बोंबील वाळत होते त्यांच्या शेजारी, उन्हाला. आतून पाणी ठिबकत होतं. तुलशीरामनं तो उचलला, डोळ्यांपुढं धरला. भिंगाच्या काचेमागं पाणी भरलेलं, आणि त्या पाण्यात एक बुडबुडा. कॅमेरा डावीकडं कलला की बुडबुडा उजवीकडं जायचा. गवंड्याच्या पाणसळीत असतो तसा. तुलशीराम बराच वेळ तो इकडून तिकडं फिरवत राहिला. पायरीवर बसला, टॉवेलावरच.

चंदाला अजून कळलं नव्हतं. मी खूण केली तेव्हा तिचा चेहरा उतरला. पण वीस वर्षं बाजारात बसलेली बाई ती, गप्प राहील कशी?

"बारका बुडवला तं काय होत नाय," ती म्हणाली. "यो तं त्याच्याहून भारी. तुमीच बोलले, याला पावसाचा टेन्शन नाय. नि मयत बगलेला तसाच आपल्या अर्पिताच्या हलदीला नेनार व्हते?"

पावसाचं तो बोलला होता, नवा आणला त्या दिवशी, छाती फुगवून. चार शिंतोडे सोसणं वेगळं नि बादलीत बुडी मारणं वेगळं, हे त्यानं सांगितलं नव्हतं. आणि दुसरी गोष्ट तर खरीच होती.

कोपरखैरण्याच्या दुरुस्तीवाल्यानं कॅमेरा उघडला आणि खुर्चीवर मागं सरकला. आतून कडुलिंबाचं पान निघालं. नदीत पडलेले बघितले, दारूत पडलेले बघितले, पण आतून धुतलेला पहिलाच, म्हणाला. आशा धरू नका असंही म्हणाला. करंजाड्याच्या शोएबला फोन केला, तो धंद्यातला जुना दोस्त. त्याचा कॅमेरा पनवेलला एका निकाहात, तो स्वतः त्यामागं उभा. उद्याच्या लग्नाला देतो, आज शक्य नाही. लगीनसराईचा शनिवार, आणखी कुणाकडं मागणार? मोबाईल होते, पण मोबाईल मांडवात प्रत्येकाच्या हातात असतो. मग तुलशीराम कशाला?

दुपारी दोनला घरात एकच कॅमेरा उरला. तो चार्जिंगला लावलेला होता, नारिंगी.

चंदानं काळी टेप आणली. गुंडाळून टाकू, कुणाला कळणार नाही, तिचं म्हणणं. तुलशीरामनं गुंडाळूनही बघितली. मग नखानं टेप सोलायला लागला. टेपेखाली बटणं दबत नाहीत असं त्यानं मला सांगितलं. दबत होती. मी बघितली होती.

चार वाजता आम्ही तिघं उज्वलाच्या मांडवात गेलो. बायका वडे थापत होत्या, पुरुष चुलीवरच्या टोपाशी. तुलशीरामनं खिशातून कॅमेरा काढून उज्वलापुढं पाटावर ठेवला. वडे थापणारे हात थांबले. एका म्हातारीनं सवयीनं विचारलं, "कोन गेला?" आणि मग सगळ्यांना कळलं की कुणी गेलेलं नाही, कॅमेराच आलाय. हळदीच्या मांडवात. टोपाशी डाव फिरवणारा हात तेवढा चालू होता, तोही थांबला.

तो हात गोटीरामचा, उज्वलाच्या थोरल्या दिराचा. तो तरातरा आला. "तुलशा, उचल ते. पोरीचा अजून पाटावर पाय नाय नि तू मयताचा डोला मांडवात आनतंस?"

तुलशीरामनं उचलला नाही. सकाळपासून काय झालं ते त्यानं सांगितलं, चंदाचं नाव न घेता. त्याची गरज नव्हती. मांडवातल्या अर्ध्या बायका चंदाकडं बघून पदर तोंडात कोंबत होत्या. बादलीची बातमी आमच्या आधी पोचली होती. हे सगळं सांगून तो म्हणाला, तुम्ही नको म्हणालात तर मी जातो, वाईट वाटून घेणार नाही. त्याचा आवाज नेहमीसारखाच होता. पण कानशिलावरून घामाचा ओघळ हनुवटीपर्यंत आला तरी त्यानं पुसला नाही.

उज्वलानं पिठाचे हात पुसले. कॅमेरा लाल दोरीनं उचलला, उलटा केला, बोंबील ताजा आहे का बघतात तसा नाकाशी नेला.

"धुतलाय?"

"मीच धुतलाय," चंदा पुढं झाली. "दर टायमाला. येकदा नाय चुकले."

"तं काय चुकनार तू," उज्वला म्हणाली. "आज तं नको तोपन धुतलास."

मांडव हसला, गोटीराम सोडून. तो म्हणाला, शास्त्र म्हणून काही आहे का नाही.

"भावजी, परवा पोपटकाकाला खांदा कोनी दिला?" उज्वलानं विचारलं. "तुमीच ना? मंग आंगोल करून आलेव नि आता माज्या पोरीच्या हलदीचा मटन ढवलतंव. मी बोलले काय, मयताचा हात हाय म्हनून? धुतला का झाला. यो पन धुतलाय."

गोटीरामनं आपल्या हाताकडं बघितलं. मग तो टोपाकडं परत गेला, कारण रस्सा तळाला लागत होता.

हळद पाचला सुरू झाली. आमच्याकडची हळद म्हणजे बोटानं गालाला टिळा नव्हे. पातेल्यानं पाणी, परातीनं हळद, नि बेंजोवाल्यांनाही माफी नाही. मोठा कॅमेरा घेऊन तुलशीराम दर वेळी भिंतीला पाठ लावून उभा राहायचा, कुणी जवळ आलं की पोटाशी धरायचा. त्या दिवशी तो गर्दीच्या मध्ये होता. तोंडावर तांब्या बसला, त्यानं कॅमेरा झटकला, पुढचा फोटो. गोटीरामनंच त्याला डोक्यापासून पिवळा केला, राग जिरवून घेतला म्हणा. सहानंतरचे फोटो दाणेदार आले, फ्लॅशमध्ये पिवळी माणसं पांढरी आली, अर्पिताच्या पापण्या कुठं दिसल्या नाहीत. हे लपवण्यात अर्थ नाही. पण चंदा नि उज्वला एकमेकींच्या डोक्यावर परात उपडी करतायत, तो फोटो परातीच्या खालून काढलेला आहे. भिंतीला पाठ लावून तो मिळत नाही.

एक फोटो मात्र आम्हा दोघांशिवाय कुणी बघितला नाही. हळदीच्या पाण्यानं भरलेलं घमेलं होतं, अर्पिता त्यावर तोंड धुवायला वाकली. तुलशीरामनं कॅमेरा घमेल्याच्या तळाशी धरला आणि खालून, पाण्यातून, तिचा फोटो काढला. मग पडद्यावर बघितलं नि जागीच उभा राहिला. पाण्यातून दिसणारा चेहरा, उघडे डोळे, भोवती पसरलेले केस. माझ्याकडं वळला तेव्हा पिवळ्या रंगाखाली त्याचा चेहरा ओळखू येत नव्हता. त्यानं बटण दाबलं, पुसून टाकलं, पुन्हा दाबून खात्री केली. मोरीवर जाऊन कॅमेरा नळाखाली धरला, कितीतरी वेळ. परत आला नि पुढचा फोटो काढला. त्यात अर्पिता सगळे दात दाखवून हसतेय. उज्वलानं तोच मोठा करून भिंतीला लावलाय.

मोठा काही उठला नाही. दुसऱ्या दिवशीचं लग्न शोएबच्या कॅमेऱ्यावर झालं, नि तुलशीराम आता लग्नापुरता तोच आणतो. हळद म्हटली की लोक बारकाच मागतात, ड्रोनवाल्यांना भिजायचं नसतं. गावाचा प्रश्नही त्यामुळं बदलला. त्याच्या हातात नारिंगी दिसलं की टोपली डोक्यावरच ठेवून विचारतात, "मयत का हलद?"

चंदा ते विचारत नाही. तो कुठूनही येवो, ती बादली भरते. आधी पिशवी उघडून कुठला कॅमेरा आहे ते बघते, एवढंच.