पाणचक्कीच्या दारात

ज्या दाराला आता कवाडच उरलं नाही, तिथं माणसानं का थांबावं, सांगा?

उमरीजवळच्या आमच्या गावात ओढ्यावर जुनी पाणचक्की आहे. पाट कोरडा, दळायचे दगड फुटलेले. तिथं ‘साऱ्या गावाची चक्की’ असा फलक लागणार म्हणून वडिलांच्या म्हाताऱ्या आत्याला मी तिथं घेऊन गेलो. चक्की चालताना पाहिलेलं दुसरं कुणी आता हयात नाही. मी आत शिरलो. ती बाहेरच, उताराला उभी राहिली.

“ये की आत्याआजी, कोण हाय आता अडवायला?”

“तू बघ बाबा. आपल्या लोकांनी दळण हितं ठिवून नुसती हाक मारायची. समद्यांचं झाल्यावर आपलं.”

आणि सवयीनं तिनं हाक दिली, “दळण हाय जी!”

पाण्याचं चाक जिथं फिरायचं, त्या खोल खड्ड्यातून उत्तर आलं, “हाय जी.” आवाज लहान मुलीचा होता. मी वाकून पाहिलं; भर दुपारच्या उजेडात खड्ड्यात कुणीच नव्हतं. आत्याआजी पदर सावरून आणखी मागं सरली.

तुमच्या गावात असा फलक लागणार असेल, तर तो रंगवण्याआधी ग्रामसभेत उभे राहा आणि कुणाचं दळण बाहेर ठेवलं जायचं, हेही त्यावर लिहायला लावा.