डोहाळजेवणाची बंगई आणि फॉस्फोरिक ॲसिड

परवा आमच्या कुडवा गावच्या घरी बंगईवरून महाभारत झालं... बंगई म्हणजे आमच्याकडचा झोपाळा. दुसऱ्या दिवशी नणंदेचं, स्वातीचं डोहाळजेवण. तिला बसवायचं त्याच बंगईवर, आणि साखळ्या गंजून तांबड्या झालेल्या.

मी ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, म्हणून हे काम आपोआप माझ्या गळ्यात. हार्डवेअरच्या दुकानातून गंजावरचं फॉस्फोरिक ॲसिड आणलं, साखळ्या उतरवल्या, हातमोजे घातले आणि ब्रश घेऊन बसले.

तसं हे ॲसिड त्याच्या भावंडांत गरीब. कोलाचा आंबटपणा त्याचाच, धानाला टाकतो ते डीएपी खतसुद्धा त्याच्यापासूनच... पण दाट असलं तर कातडी भाजतं. गंजाला लावलं की त्याचा काळा फॉस्फेटचा थर होतो आणि तो खालचं लोखंड सांभाळतो.

साखळ्या मस्त काळ्या झाल्या. धुऊन, पुसून वाळत टाकल्या आणि खुशीत कॉलेजला गेले.

परत येते तर काय... सासूबाई अंगणात बसून तुसाच्या राखेने साखळ्या घासताहेत! एक तर घासूनही झालेली. माझं डोकंच फिरलं.

"आई, काऊन घासून राहिल्या तुम्ही? तो थर मी मुद्दाम केला होता!"

"काऊन म्हणजे? पोटुशी पोरीले काळ्या साखळीवर बसवू का वो? शुभकार्य आहे ना घरात!" त्यांचं माहेर कामठा गावचं, बोलणं रोखठोक. हात काही थांबला नाही.

मी तणतणत ती घासलेली साखळी उचलली... आणि उजेडात धरली. वरच्या टोकाची एक कडी निम्मी झिजलेली, तिला आरपार तडा. काळ्या थराखाली तो मला दिसलाच नव्हता. ॲसिड गंज आवरतं, पण गंजाने खाल्लेलं लोखंड परत आणत नाही.

कडी आईंना दाखवली. त्यांनी ती बोटांनी चाचपली. "स्वाती बसली असती यावर..." एवढंच बोलल्या, आणि राखेचे हात तसेच पदराला पुसले.

संध्याकाळी नव्या साखळ्या लागल्या. दुसऱ्या दिवशी स्वाती फुलांचे दागिने घालून बंगईवर बसली, बायकांनी गाणी म्हणत झोके दिले. ओटी भरून होईपर्यंत आई एका बाजूची साखळी धरून उभ्या होत्या. दुसऱ्या बाजूची मी.

काळा रंग अशुभ असतो, हे मला अजूनही पटलेलं नाही... पण त्या दिवशी आईंनी मला न विचारता साखळी घासली, त्याबद्दल देवाचे लाख आभार.