लंगरातली खारट डाळ

मी फौजेत गाडी चालवली. लेहच्या घाटात अशी चालवली की डोंगर बाजूला सरून वाट द्यायचे. माझी बायको हे मानत नाही, पण ती लेहला कधी आलेली नाही, तेव्हा तिच्या मताला पुरावा नाही. सांगायचं काय, तर एवढे घाट, एवढा बर्फ आणि एवढे साहेब पचवलेला मी आयुष्यात खरा घाबरलो तो एकदाच, आणि तोही अंबरनाथ पूर्वेला, डाळीच्या टोपासमोर.

आमची माजी सैनिकांची संघटना आहे. ऑफिस म्हणजे पत्र्याची एक खोली आणि मागे फणसाचं झाड असलेलं अंगण. करोनाच्या आधी आम्ही तिथे दोनच कामं करायचो. पंधरा ऑगस्टला झेंडा लावायचा आणि उरलेलं वर्ष भांडायचं. पायदळ मोठं की तोफखाना, यावर आमच्याकडे इतका दारूगोळा उडालाय की तेवढ्यात एक छोटं युद्ध उरकलं असतं. टाळेबंदी लागली आणि भांडायलाही कुणी येईना. बहुतेकांची साठी उलटलेली. कुणाला शुगर, कुणाला दमा, कुणी एकटाच. मुलं एक तर दुबईला नाहीतर पुण्याला, आणि त्या दिवसांत दोन्ही गावं सारखीच लांब होती.

आमचे अध्यक्ष रिटायर्ड सुभेदार. मिशा अशा की मास्क लावला की दोन्ही बाजूंनी संगिनी बाहेर. त्यांचा फोन आला.

"ड्रायव्हर, गाडी चालू आहे का?"

"साहेब, मी चालू आहे. गाडीचं बघावं लागेल."

गाडी म्हणजे संघटनेची जुनी व्हॅन. आधीच्या जन्मी ती शाळेची होती, त्यामुळे तिच्या दारावर अजून गाजर खाणारा ससा आहे. नाक्यावरचे पोलीस पुढेपुढे माझा पास बघेनासे झाले. ससा दिसला की बॅरिकेड वर.

साहेबांनी टेबलावर नकाशा पसरला आणि बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर असे तीन सेक्टर पाडले. उल्हासनगरवर तर आमचा जुना हक्क. महायुद्धाच्या काळात तिथे शहर नव्हतंच, लष्कराची छावणी होती, म्हणून लोक अजून पत्ता सांगताना कॅम्प चार, कॅम्प पाच म्हणतात. ठरलं असं, की जे सभासद घरात अडकलेत, आजारी आहेत, ज्या वहिनी एकट्या आहेत, त्यांना रोज दुपारचं गरम जेवण पोचवायचं. लंगर, म्हणजे फौजेतला भटारखाना, सुरू. आणि लंगर म्हटल्यावर उस्ताद आले.

उस्ताद म्हणजे आमचे लांगरी, फौजेतले स्वयंपाकी. उभी नोकरी चुलीसमोर. सियाचिनला डाळ गोठायची तेव्हा हा माणूस तिच्यावर नुसता ओरडायचा आणि ती उकळायला लागायची, असं ते स्वतः सांगतात, आणि त्यांचा आवाज ऐकल्यापासून मला त्यात खोट वाटत नाही. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. बदलापूरला एका खोलीत एकटे राहायचे. घरी स्वतःपुरता भात लावता येत नाही म्हणून रोज वडापाव खायचे. गंमत नाही, खरंच. हाताला कमी माप ठाऊकच नव्हतं. अख्ख्या कंपनीचं जेवण, नाहीतर उपास.

त्यामुळे पहिल्या दिवशी मोजक्या घरांसाठी त्यांनी जी डाळ केली, तिच्यात माझी व्हॅन पोहली असती. साहेब म्हणाले, "उस्ताद, शत्रूलाही जेवायला बोलावलंय का?"

"साहेब, उरलं तर बघू. पुरलं नाही तर तोंड कुठं दाखवू?"

मग उरलेलं नाक्यावरच्या पोलिसांना, झाडूवाल्या बायकांना, रस्त्यात अडकलेल्या ट्रकवाल्यांना. बारवी धरणाच्या रस्त्यावरच्या पाड्यात दोन डबे गेले, तर तिथून वालाच्या शेंगा आणि काकड्या इतक्या आल्या की ससा दिसेना. कॅम्प पाचमधल्या एका सिंधी शेठने दुकानाचं शटर अर्धं वर करून डाळीची पोती ढकलली. म्हणाला, "साईं, ले जाओ. दुकान बंद है, चूहे मोटे हो रहे हैं. उनसे अच्छा फौजी खाएं."

आता एक रिवाज सांगतो, कारण सगळी भानगड त्याच्यावरच झाली. फौजेत जेवण वाढायच्या आधी कुणीतरी वरिष्ठ ते चाखतो. लांगरी सावधानमध्ये उभा राहतो आणि विचारतो, "साब, खाना कैसा है?" साहेब चाखतात आणि म्हणतात, "बढिया!" मग टोप हलतात. मोठ्या जेवणावळीत तर हाच प्रश्न सगळ्या जवानांना, आणि शेकडो गळ्यांतून एकच उत्तर, "बढिया, साब!" भात कच्चा असो, पोळीत खडा असो. आमच्या अंगात ते इतकं भिनलंय की माझी अक्कलदाढ काढताना डॉक्टरने विचारलं, कसं वाटतंय, आणि मी तोंडात पक्कड असताना म्हणालो, बढिया.

अंगणात फणसाखाली रोज हा सोहळा व्हायचा. साहेब मास्क खाली करायचे, चमचा तोंडात, डोळे मिटायचे, आणि "बढिया!" ती डाळ होतीही तशी. चिखलोलीला नवीन टॉवरात नवव्या मजल्यावर आमचे एक नौदलवाले राहायचे. जगातल्या प्रत्येक गोष्टीबद्दल तक्रार करणारा माणूस. लिफ्टबद्दल, सरकारबद्दल, चंद्राच्या आकाराबद्दल. दोरीला पिशवी बांधून डबा वर ओढायचे आणि वरून ओरडायचे, "पुन्हा तीच डाळ?" पण पिशवी खाली यायची तेव्हा डबा चाटूनपुसून लख्ख.

दुसरी लाट आली. त्या लाटेबद्दल मी बढाया मारत नाही. आमच्या अंगणातल्या काही खुर्च्या रिकाम्या झाल्या, आणि त्या आम्ही अजून हलवलेल्या नाहीत. त्याच लाटेत उस्तादही पडले. घरीच होते, बरे झाले. तेवढे दिवस लंगर माझ्या बायकोने आणि शेजारणींनी ओढला. उस्ताद परत आले तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या, फणसाखाली उभं करून हार घातला. ते सरळ चुलीपाशी गेले, लसणाची पाकळी सोलून चावली. मग हिरवी मिरची घेतली. देठासकट चावून खाल्ली आणि आमच्याकडे बघत राहिले. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ते मिरचीचं नव्हतं.

"काही लागत नाही, साहेब. वासही नाही, चवही नाही. माती आणि मिरची एकच." त्यांनी लांब दांड्याची पळी भिंतीला टेकवली. "माझं नाव काढून टाका लंगरातून."

साहेबांच्या मिशा मास्कमध्ये खाली पडल्याचा आवाज मी ऐकला. आम्हाला कळत होतं, हा माणूस त्या पळीवर उभा आहे. पळी सुटली तर पुन्हा ती खोली, तो वडापाव, आणि आता तर त्यालाही चव नाही.

साहेब म्हणाले, "उस्ताद, फौजेत चाखायचं काम लांगरीचं कधी होतं? ते आमचं. तुम्ही हाताने करा. जीभ आम्ही पुरवतो."

उस्ताद म्हणाले, "एका अटीवर. खरं सांगायचं. माझी डाळ बिघडलेली कुणी खाल्ली तर मला चालणार नाही. त्या दिवशी पळी खाली."

"शब्द देतो," साहेब म्हणाले. आम्ही सगळ्यांनी दिला.

दुसऱ्या दिवशी डाळ झाली. उस्ताद सावधान. टाचा जुळलेल्या, हनुवटी वर, पण खालचा ओठ थरथरत होता.

"साब, खाना कैसा है?"

साहेबांनी चमचा तोंडात घातला. आमचं घराणं मूळचं मिठागरातलं. आजोबा मीठ पिकवायचे. मिठाने चेहऱ्याचं काय होतं हे मी रक्तातून ओळखतो, डॉक्टर त्याला बीपी म्हणतो. साहेबांचे डोळे आधी मोठे झाले, मग बारीक झाले, मग कुठे गेले ते दिसलेच नाहीत. मला वाटलं, संपलं. आता बोलणार. आणि आयुष्यभराची सवय त्यांच्या घशातून आपोआप बाहेर आली.

"बढिया!"

उस्तादांचा ओठ थांबला. टोप व्हॅनमध्ये चढले. मी साहेबांना गाडीआड घेतलं. "साहेब, शब्द दिला होता तुम्ही."

"ड्रायव्हर," ते पाण्याची बाटली एका दमात रिकामी करत म्हणाले, "त्याचं तोंड बघितलंस?"

मग काय, रोजचंच झालं. उस्ताद अंदाजाने मीठ टाकायचे आणि टाकलंय की नाही याचा भरवसा नाही म्हणून पुन्हा टाकायचे. एके दिवशी खिचडीत हिंग एवढा पडला की नाक्यावरच्या पोलिसांनी मास्कवर रुमाल बांधला. भातात दालचिनीचं अख्खं जंगल. आणि संध्याकाळी उस्ताद प्रत्येक घरी फोन करायचे. "वहिनी, आज डाळ कशी होती?" बदलापूरच्या वहिनी, आमच्या एका हवालदाराच्या पत्नी, स्पष्ट बोलण्याबद्दल प्रसिद्ध. त्या म्हणाल्या, "भाऊ, बढिया." मला मात्र दारातच सांगितलं, "बटाटा टाकून उकळते. एका डब्यात माझे दोन दिवस निघतात. बरकत आहे तुमच्या लंगरात!" सिंधी शेठ म्हणाला, "साईं, इस दाल में पापड़ भिगो के सुखा दूँ तो साल भर का नमक बच जाए." पण उस्तादांना फोनवर तोही बढिया म्हणाला. मी कुणाला शिकवलं नव्हतं; उस्तादांची अट तेवढी सगळ्यांच्या कानावर गेली होती. घराघरांत आपापसांत ठरलं होतं.

मला भीती फक्त नवव्या मजल्याची होती. तो माणूस गप्प बसणं शक्य नव्हतं. पण वरून तक्रार आली नाही. उलट त्याने ओरडणंच बंद केलं. पिशवी गुपचूप वर, पिशवी गुपचूप खाली. मला वाटलं, बिचारा आजारी पडला.

असे आठवडे गेले. मग साहेबांना लशीचा ताप आला आणि चाखायचं माझ्यावर आलं. मी, साधा ड्रायव्हर, फणसाखाली उभा. समोर उस्ताद सावधान. ओठ थरथरत नव्हता, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

"खाना कैसा है?"

मी पोटात श्वास धरून, मिठाच्या तयारीने चमचा तोंडात घातला. काहीच लागलं नाही. कोमट पाण्यात शिजलेली डाळ, बस. क्षणभर वाटलं, गेली माझीही जीभ. तरी छाती काढून म्हणालो, "बढिया!"

उस्ताद सावधानमधून विश्राममध्ये आले. फार हळू.

"मीठच टाकलेलं नाही आज."

मी सांगितलं ना, आयुष्यात एकदाच घाबरलो. तो हा क्षण.

"काल तुझ्या बायकोने चहा पाठवला," उस्ताद म्हणाले. "पहिल्या घोटाला आलं लागलं. आलं फार घालते ती, सांग तिला. मग मी कालच्या टोपात बोट बुडवून चाटलं." त्यांचा आवाज चढायला लागला. सियाचिनची डाळ आठवा. "मला सांग, किती दिवस? किती दिवस मी हे लोकांना खायला घालतोय?"

मी फणसाकडे बघायला लागलो. उस्तादांनी फोन स्पीकरवर टाकला आणि घराघरांत लावला. "वहिनी, कालची डाळ कशी होती?" "बढिया, भाऊ." "शेठ?" "एकदम बढिया, साईं!" "खरं बोला!" "बढिया!" उस्तादांचा चेहरा तांबडा होत चालला. शेवटी नववा मजला.

"नौदल, तू तरी खरं बोल. डाळ कशी होती?"

पलीकडे खाकरण्याचा आवाज. "खारट. मी दोनदा समुद्रात पडलोय, तेव्हाही एवढं मीठ पोटात गेलं नव्हतं."

"मग बोलला का नाहीस? तू तर चंद्राची पण तक्रार करतोस!"

"चंद्र पळी खाली ठेवत नाही," नौदलवाले म्हणाले. "तू ठेवली असतीस."

उस्ताद फोन हातात धरून उभे राहिले. खोलीच्या पत्र्यावर कावळा चालत होता. मी पळीकडे बघत होतो. भिंतीला टेकवतात की काय.

त्यांनी ती उचलली आणि माझ्यावर उगारली.

"हरामखोरांनो! माझ्या नावाने मिठाचं पाणी प्यालात आणि बढिया म्हणता? लाज वाटत नाही? रगडा द्यायला पाहिजे सगळ्यांना! त्या सुभेदाराला आधी! ताप उतरला की मैदानाला फेऱ्या मारायला लाव त्याला!" शिव्या अशा की फणसावरचा कावळाही उडाला, म्हणजे पत्र्यावरचा, पण त्या भरात तो फणसापर्यंत पोचला होता. शिव्या देता देताच त्यांनी मीठ घेतलं, चिमटीने, हलकेच, टोपात सोडलं, ढवळलं, बोट बुडवलं, चाटलं. डोळे मिटले. तोंडातली शिवी अर्धीच राहिली.

"चाख," मला म्हणाले.

मी चाखलं. ती जुनी डाळ परत आली होती. मनापासून म्हणावंसं वाटत होतं की बढिया. पण तो शब्द आता वापरायची सोय राहिली नव्हती. मी म्हणालो, "मिरची थोडी कमी वाटते."

"तुला काय कळतंय? जन्मभर डिझेल हुंगणारा तू!" उस्ताद गरजले, आणि असे खुश झाले की टोप स्वतः उचलून सशाच्या दारातून आत चढवला. त्या दिवशी चिखलोलीला नवव्या मजल्यावरून, बऱ्याच आठवड्यांनी, आवाज आला, "पुन्हा तीच डाळ?"

लंगर आता रोज नसतो. पंधरा ऑगस्टला, झेंडा झाल्यावर, फणसाखाली पंगत बसते. उस्तादांना अजून कमी माप येत नाही, त्यामुळे निम्मं अंबरनाथ जेवतं. ते पळी घेऊन सावधानमध्ये उभे राहतात आणि विचारतात, "खाना कैसा है?"

आणि आम्ही सगळे, सुभेदार साहेब, बदलापूरच्या वहिनी, कॅम्प पाचचा शेठ, टॉवरातून खाली उतरलेलं नौदल, छाती काढून एका सुरात ओरडतो, "मीठ कमी!"

मग उस्ताद आम्हाला शिव्या घालतात. पोट भरेपर्यंत.